पाणी कडेने येतं

घरच्या घरी प्लायवूडचा कॅम्पिंग ट्रेलर बांधणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो वरून काय लावायचं हा. इपॉक्सी की पॉलियुरेथेन, फायबरचा थर की साधा ऑइल पेंट, दोन कोट की चार? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. रंगवलेल्या सपाट पृष्ठातून पाणी झिरपलं आणि प्लाय कुजला, असं क्वचितच होतं. कुजका प्लाय उकलून पाहिला तर काळेपणा सुरू झालेला असतो तो कापलेल्या कडेपासून, दोन शीटच्या सांध्यापासून किंवा स्क्रूच्या भोकाभोवती. तेव्हा वॉटरप्रूफिंगवरच्या पैशांचा आणि मेहनतीचा मोठा वाटा या तीन जागी जायला हवा. सपाट भागावरचा कोट हे त्यानंतरचं काम, असं माझं म्हणणं आहे.

उदाहरणादाखल नाशिक घ्या; तिथली हवा या म्हणण्याची चांगली परीक्षा घेते. शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो; 45 किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो 3000 च्या पुढे जातो. आणि पावसाळ्यात ट्रेलर जोडून माणूस जाणार तो त्र्यंबक, इगतपुरी, भंडारदरा याच बाजूला. उलट एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड हवेप्रमाणे ओलावा घेतं आणि सोडतं. उन्हाळ्यात 7-8 टक्के ओलावा असलेला प्लाय श्रावणात 15-16 टक्क्यांपर्यंत जातो आणि त्याबरोबर किंचित फुगतो, आकसतो. एवढ्याने तो कुजत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. नुसत्या दमट हवेने सहसा तेवढा होत नाही. पाणी कुठेतरी शिरलं आणि तिथेच अडकून राहिलं, की होतो.

ते शिरतं कसं, हे शीटच्या कडेवर स्पष्ट दिसतं. 9 मिलिमीटर जाडीची, 8 बाय 4 फुटांची शीट घ्या. तिच्या चारही कडांचं क्षेत्रफळ दोन्ही पृष्ठांच्या तुलनेत जेमतेम 1 टक्का भरतं, म्हणून रंगवताना कड सहज दुर्लक्षित राहते. पण झाडात पाणी ज्या बारीक नळ्यांतून वर चढतं, त्यांची तोंडं कापलेल्या कडेला उघडी पडलेली असतात. त्यांतून पाणी आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पट वेगाने आत जातं. कड पॉलिश पेपरने घासून तिच्यावर पातळ इपॉक्सीचा ब्रश फिरवला की पट्टे उमटतात. एक थर चकचकीत राहतो, शेजारचा बघता बघता इपॉक्सी पिऊन मंद पडतो. पुन्हा एक चकचकीत, पुन्हा एक मंद. प्लायचे थर एकाआड एक काटकोनात चिकटवलेले असतात आणि ज्यांचे धागे कडेकडे तोंड करून आहेत तेच पितात. पहिला हात चिकट असतानाच दुसरा द्यायचा, लागला तर तिसरा, आणि सगळी कड सारखी चमकू लागली की थांबायचं. किती कोट हे आधी ठरवून चालत नाही. याच वेळी आतल्या थरांमधल्या पोकळ्याही दिसतात; हलक्या शीटमध्ये पेन्सिलचं टोक जाईल एवढ्या मोठ्या. इपॉक्सीत बारीक भुसा कालवून केलेल्या लांबीने त्या भरल्या नाहीत, तर तीच पोकळी पाणी शीटच्या पोटात नेऊन सोडते.

सांध्याची गोष्ट आणखी अवघड, कारण ट्रेलर घरासारखा एका जागी उभा नसतो. खड्ड्यातून एक चाक गेलं की सगळा सांगाडा पिळवटतो आणि कोपऱ्यातला कडक रंग केसाएवढा तडकतो. गाडी वेगात असताना पुढच्या बाजूचं पाणी खाली ओघळण्याऐवजी वर ढकललं जातं. तापलेल्या छतावर अचानक सर आली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि त्या बारीक चिरेतून पाणी अक्षरशः आत ओढलं जातं. जोडकामाकडे दुर्लक्ष किती महाग पडतं याचा मोठा धडा भारतातच मिळाला आहे. दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि प्लायपासून बनवलेली ब्रिटिशांची मॉस्किटो विमानं इथे तैनात होती. 1944 मध्ये त्यांतली काही हवेतच मोडली आणि नोव्हेंबरमध्ये ती सगळी जमिनीवर उतरवावी लागली. चौकशीत पंखांच्या जोडकामातले दोष पुढे आले. त्यानंतरच्या सुधारणांत पंखाच्या मुख्य तुळईवरचा सांधा लांबीभर प्लायची पट्टी चिकटवून झाकण्यात आला. रंगाचा आणखी एक कोट देऊन तो प्रश्न सुटणार नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो तो 710 चा. दुकानात 303 आणि 710 या आकड्यांनीच शीट मागितली जाते. हे भारतीय मानकांचे क्रमांक. 303 म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय, 710 म्हणजे मरीन प्लाय. उकळत्या पाण्यात 72 तास ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी त्याची कसोटी आहे. मग कडांची एवढी काळजी कशाला? कारण ही कसोटी मुख्यतः थर जोडणाऱ्या फिनॉलिक गोंदाची आहे. गोंद टिकला तरी लाकूड पाणी पिणं थांबवत नाही. 710 चा प्लाय कारखान्यातून औषध पाजून येतो, त्यामुळे तो उशिरा कुजतो. पण फुगतो आणि वरचा रंग तोडतो तो इतर प्लायसारखाच. शिवाय पोकळ्या कमी असलेली चांगली शीट मिळते, हा खरा फायदा आहे, तेव्हा परवडत असेल तर 710 जरूर घ्यावा. मात्र कड न भरलेल्या 710 पेक्षा कड नीट भरलेला 303 चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात तग धरणाऱ्या प्रतीचा) प्लाय ट्रेलरच्या भिंतींना मी जास्त भरवशाचा मानेन.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळाच ट्रेलर काचेच्या कापडाने मढवून फायबरचा केला तर कडा आणि सांधे आपोआप झाकले जातील. लाकडी होड्यांवर असं आवरण चढवण्याचं तंत्र कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने आपल्याकडे रुजवलं आणि ते यशस्वी आहे. ट्रेलरलाही ते चालतं, दोन अटींवर. पहिली, राळ इपॉक्सीची हवी. स्वस्त पॉलिस्टर राळ लाकडाला तितकी घट्ट धरत नाही आणि काही वर्षांनी पापुद्रा सुटू लागतो. दुसरी अट भोकांची. होडीच्या तळाला खिडकी, दार, दिवा, बिजागरी नसते. ट्रेलरच्या भिंतीत डझनांनी भोकं असतात. त्यातलं एक उघडं राहिलं तरी फायबरखाली शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते आणि जे आवरण पाऊस रोखणार होतं तेच ओलावा धरून ठेवतं. म्हणून प्रत्येक स्क्रूचं भोक आधी जरा मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा ड्रिल मारायचं. मग स्क्रू लाकडाला शिवतच नाही. हे केलं नसेल तर फायबरचा खर्च वाया जातो.

तिसरा आक्षेप काटकसरीचा. जाड कॅनव्हास गोंदाने चिकटवून वर बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग मारायचा, ही हौशी मंडळींची जुनी पद्धत वाईट नाही. पण साधा पांढरा फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो. पाण्यात टिकणाराच गोंद घ्यावा लागतो. सांध्यावर सिलिकॉन ओढून मोकळं होणं हीदेखील खोटी काटकसर. सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि ते एकदा लागलं की पुढच्या दुरुस्तीला काहीच धड चिकटत नाही. सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप हे जोड थोडे महाग, पण लवचिक राहणारे आणि पीळ सोसणारे आहेत.

हे सगळं कधी करायचं याचं उत्तर नाशिकचं कॅलेंडर देतं. पावसाळ्यात ओलावलेला प्लाय सीलबंद केला तर पुढच्या उन्हाळ्यात तोच ओलावा रंगाला फोड आणतो. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत इपॉक्सी नीट सुकत नाही. मेच्या दुपारी ती डब्यातच तापून घट्ट होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचा काळ उत्तम, आणि दिवसातली वेळ संध्याकाळची. सकाळी तापत जाणाऱ्या लाकडातली हवा प्रसरण पावून ओल्या इपॉक्सीत बुडबुडे काढते. संध्याकाळी निवत जाणारं लाकूड तीच राळ आत ओढून घेतं. इपॉक्सीत मिसळायचा हार्डनर अंदाजाने वाढवून काम लवकर उरकत नाही; प्रमाण चुकलं की थर कायमचा चिकट राहतो. सुकल्यावर पृष्ठावर कधी मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन, घासून मगच रंग द्यावा. रंग हवाच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी उघडी इपॉक्सी पिवळी पडते आणि भुकटी होते. छताला पांढरा किंवा फिकट रंग द्यावा. गडद छत तापून सांधे जास्त हलवतं.

बाहेरून एवढा बंदोबस्त केल्यावर आतूनही सनमायका ठोकण्याचा मोह टाळलेला बरा. दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वास आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी आतल्या हवेत मिसळतं. आतल्या बाजूला पातळ वॉर्निश आणि हवेला दोन झरोके असतील तर चुकून शिरलेलं पाणी आतून वाळून जाईल. आणि काम झाल्यावर, पहिल्या पावसाच्या आधी, नळाची पाइप प्रत्येक सांध्यावर पंधरा मिनिटं धरून आतून हात फिरवून पाहा. तेव्हा सापडलेली गळती तासाभराचं काम असते. ऑगस्टमध्ये सापडली तर भिंत बदलावी लागते. दर मे महिन्यात हीच तपासणी पुन्हा करा, कारण सीलंट कायमचं नसतं. खरेदीची यादी करताना आधी कडांसाठी इपॉक्सी, मग सांध्यांसाठी सीलंट आणि टेप लिहा. रंगाचा डबा शेवटी घ्या.