आमचा एसी बोलू लागतो

मराठीच्या मास्तराला यंत्रातले काय कळते, हा प्रश्न आमच्या घरात वर्षातून निदान चार वेळा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर मी आजवर दिलेले नाही. गेल्या मे महिन्यात मात्र एका एसीने मला माझाच धडा वाचून दाखवला. ती हकीकत सांगतो.

आम्ही नागपूरचे. खसाच्या ताट्या आणि कूलरची खडखड यांवर आमचे बालपण गेले. कूलर थांबला की शांततेने जाग यायची! परंतु बाबांना एकोणऐंशीव्या वर्षी हृदयविकार जडला आणि खोली थंड ठेवण्यास डॉक्टरांनी बजावले. म्हणून त्यांच्या खोलीत एसी आला. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला आणि एका रात्री दोनच्या सुमारास एसीने बंड पुकारले. आतला पंखा फिरत होता, पण वारा कोमट. बाहेर गॅलरीतल्या पेटीतून काही सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज येई, मग ‘टक्’ होई आणि सारे सामसूम. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

सकाळी मी दुरुस्तीवाल्यांना फोन केला.

“आवाज येतो आहे,” मी म्हणालो.

“कसला?”

“विचित्र.”

निबंधात ‘विचित्र’ आणि ‘अवर्णनीय’ लिहिणाऱ्या मुलांचे मी गुण कापतो. खडखड, घरघर, फसफस, करकर, कुरकुर, खळखळ हे शब्द मराठीने कशासाठी जपून ठेवले आहेत, असे वर्गात तावातावाने विचारतो. आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून निघाले ते ‘विचित्र’!

एक तरुण आला. त्याने यंत्र धड ऐकलेही नाही. “कॉम्प्रेसर गेला,” म्हणाला, आणि असा आकडा सांगितला की हिने हातातला चहाचा कप तसाच परत आत नेला. दोन दिवस बाबा ओला पंचा छातीवर घेऊन पडून होते. त्यांच्या ओठांचा रंग मी चोरून पाहत असे.

दुसऱ्या संध्याकाळी बाबाच म्हणाले, “कॉम्प्रेसर मेला नाही. मोटर उठाले पाहते, पण उठत नाही. मग थकून बसते.”

बाबांची नोकरी रेल्वेत, डब्यांच्या तपासणीत गेली. गाडी थांबली की चाकावर हातोडी मारीत जायचे. निकोप चाक खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. हजारो उतारूंचा जीव त्या कानावर होता. आणि मी त्या कानाचा मुलगा ‘विचित्र’ म्हणून मोकळा!

मग बाजारातल्या एका जुन्या कारागिराला गाठले. त्याने फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. आवाज आतून येतो की बाहेरून? सुरू होताना की बंद झाल्यावर? एकदाच की पुन्हा पुन्हा? मी बाबांचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. “बटण बंद करा, पुन्हा चालू करू नका, मी येतो,” तो म्हणाला.

दोष निघाला कॅपॅसिटरचा. कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरुवातीचा जोर देणारा हा डबीएवढा भाग. तो दुबळा झाला की मोटर जागच्या जागी घुमते, वीज मात्र भरमसाट ओढते. मग रक्षणासाठी बसवलेला खटका ‘टक्’ करून तिला तोडतो. असे वारंवार होऊ दिले तर मात्र कॉम्प्रेसर खरोखरीच जळतो. दुरुस्ती काहीशे रुपयांत झाली. वाचकांनी हा उद्योग स्वतः करू नये. वीज बंद केल्यावरही या डबीत झटका शिल्लक असतो.

काम करता करता तो बोलत होता. एसी थांबल्यावर थोडा वेळ ‘फस्स’ होते, ते आतल्या गॅसचा दाब सारखा होण्याचे. त्याला भिऊ नये. तीच फसफस सतत चालू राहिली, गारवा घटला आणि नळीवर बर्फ धरला, तर गॅस गळत असण्याचा संभव. बाहेर खडखड झाली तर ढिला स्क्रू नाहीतर पंख्यात अडकलेली कबुतराच्या घरट्याची काडी. कुईकुई म्हणजे पंख्याच्या मोटरचे बेअरिंग. जाळी धुळीने बुजली की आत बर्फ साचतो आणि त्याचे तुकडे पंख्यावर आपटतात. म्हणून जाळी धुवा, हे तो दोनदा म्हणाला. इन्व्हर्टर एसीची घूं मात्र चढते-उतरते, कारण त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो.

(जाता जाता सांगतो, १९०२ साली विलिस कॅरियर यांनी पहिले आधुनिक वातानुकूलन यंत्र आखले, ते माणसांसाठी नव्हे, ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगे आणि रंग जागचे सरकत. एसी हा मुळात आम्हा अक्षरवाल्यांचा सोयरा आहे, हे हिला ऐकवून झाले आहे.)

त्या रात्री खोली गार झाली. बाबा झोपले. पहाटे हिने मला हलवले.

“अहो, बाबांच्या खोलीतला एसी पुन्हा टिकटिक करतोय!”

मी डोळे न उघडताच विचारले, “आतून की बाहेरून? चालू असताना की बंद झाल्यावर?”

भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, “आतून. आताच बंद केला. प्लास्टिक सैलावतंय. झोपा दोघंही.”