मालेराव होळकर : एक अल्पायुषी सुभेदार

अहिल्याबाईंचा दुर्वर्तनी पुत्र, एवढ्या दोन शब्दांत मालेरावाचे चरित्र बहुधा आटोपले जाते. १७४५ साली जन्मलेल्या या मुलाचे पितृछत्र नवव्या वर्षी हरपले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. मे १७६६ मध्ये आजोबा मल्हारराव निवर्तले आणि सुभेदारी विशीतल्या नातवाकडे आली. ती वर्षभरही टिकली नाही. १७६७ मध्ये मालेरावाचा अंत झाला.

त्याच्या दुर्गुणांची सविस्तर हकीकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः सर जॉन माल्कम यांच्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथातून. तो १८२३ चा, म्हणजे घटनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने लिहिलेला, हे ध्यानात ठेवावे. ब्राह्मणांना दान द्यावयाच्या वस्त्रांत, पादत्राणांत, रुपयांच्या घड्यांत हा विंचू घालून ठेवी आणि त्यांची फजिती पाहून हसे. आई दानशूर, म्हणून मुलाची क्रूर थट्टाही दानाचीच!

पुढची कथा अधिक गंभीर आहे. वाड्यातील एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याने एका भरतकाम करणाऱ्या कारागिराला ठार केले. तो निरपराध ठरला आणि मालेरावाला वेड लागले. मृताचा आत्माच त्याच्या मुखातून बोलतो, अशी समजूत झाली. अहिल्याबाई बिछान्याशी बसून त्या आत्म्याला विनवीत राहिल्या: तुझे देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबास जहागीर देते, याला सोड. पेडणे-डिचोलीकडील आपल्या श्रोत्यांना यात नवल वाटू नये. देवचाराला मान आणि समंधाला स्थान देणाऱ्या आपल्या मुलखात अन्यायाने मेलेल्याची भरपाई करावी लागते, हे कोणालाही सांगावे लागत नाही. आजचा वैद्य या विकाराला निराळे नाव देईल. पश्चात्तापाचा भाग मात्र त्यालाही वगळता येणार नाही.

आईनेच त्याला मारविले, हा प्रवाद माल्कमच्याही कानी आला होता. त्याने चौकशी करून तो खोटा ठरविला. तरीही न्यायनिष्ठुर मातेने पुत्रास हत्तीच्या पायी दिल्याची कथा लोकप्रियच राहिली. मला ती अहिल्याबाईंवर अन्याय करणारी वाटते. रात्रंदिवस उशाशी बसून मुलाच्या प्राणांची भीक मागणारी बाई तिच्यात पुसली जाते.

मालेरावाच्या मागे गंगाधर यशवंतांनी दत्तकाचा आग्रह धरला आणि राघोबादादांचे पाठबळ मिळविले. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला, माधवराव पेशव्यांची संमती मिळविली आणि फौजेचा भार तुकोजी होळकरांवर सोपवून १७९५ पर्यंत कारभार स्वतः पाहिला.