विद्युत बसमधील संकरित ऊर्जासाठवण व शक्ती इलेक्ट्रॉनिकी : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस. टी. धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाची 'शिवाई' ही विद्युत बस सुरू झाली. विदर्भात नागपूर येथे मे २०१७ मध्ये विद्युत टॅक्सी व ई-रिक्षांचा प्रकल्प सुरू झाला होता. यवतमाळ जिल्ह्यात मात्र अशा वाहनाची कसोटी अधिक कठीण ठरते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारा पारा, गावोगावचे थांबे आणि पुसद परिसरातील डोंगराळ रस्ते यांना एकाच बसने तोंड द्यावयाचे असते. या परिस्थितीत संकरित ऊर्जासाठवण कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बॅटरीवरील ताण :
बस थांब्यावरून निघताना मोटर अल्पकाळ फार मोठा विद्युतप्रवाह ओढते. बॅटरीचा अंतर्गत रोध तोच राहिला आणि प्रवाह दुप्पट झाला, तर आत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर जीर्ण होते. म्हणून आधीच तापलेल्या बॅटरीला प्रवाहाचे हे झटके अधिक घातक ठरतात.

सुपरकॅपॅसिटरची जोड :
सुपरकॅपॅसिटरमध्ये विद्युतभार रासायनिक अभिक्रियेविना साठतो. त्यामुळे तो लाखो वेळा भारित व रिक्त होऊ शकतो. मात्र एका किलोग्रॅममागे त्यात सुमारे ५ वॉट-तास ऊर्जा मावते. लिथियम-आयन बॅटरीत ती साधारणतः १०० ते २०० वॉट-तास असते. अर्थात बॅटरी ही कोठार होय, तर सुपरकॅपॅसिटर हा हाताशी असलेला रांजण होय.

उदाहरणार्थ, १५ टन वजनाची बस ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत असता तिची गतिज ऊर्जा सुमारे ०.२६ युनिट असते. ती दहा सेकंदांत थांबविल्यास सरासरी ९० किलोवॉटहून अधिक शक्ती परत येऊ पाहते. सुपरकॅपॅसिटरचे विभवांतर निम्म्यावर आणल्यास त्यातील ७५ टक्के ऊर्जा वापरता येते. या हिशेबाने ०.२६ युनिटसाठी सुमारे ७० किलोग्रॅमचे सुपरकॅपॅसिटर पुरेसे होतात.

शक्ती इलेक्ट्रॉनिकीचे कार्य :
सुपरकॅपॅसिटरचे विभवांतर सतत बदलते. मोटरच्या इन्व्हर्टरला मात्र स्थिर विभवांतर हवे असते. हा मेळ द्विदिश डीसी-डीसी परिवर्तक घालतो. मागणीतील संथ बदल बॅटरीकडे व जलद बदल सुपरकॅपॅसिटरकडे वळविण्याचे काम नियंत्रक करतो. परंतु परिवर्तकाची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तरी जाता-येता मिळून सुमारे १० टक्के ऊर्जा खर्ची पडते. म्हणून या रचनेचा मुख्य लाभ ऊर्जाबचतीपेक्षा बॅटरीच्या वाढलेल्या आयुष्यात शोधावा लागतो. सिलिकॉन कार्बाइडचे स्विच वापरल्यास हा ऱ्हास कमी होतो, पण खर्च वाढतो.

घाटातील मर्यादा :
हीच बस १०० मीटर उंची चढली, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४.१ युनिट ऊर्जा लागते. घर्षण वगळता, ०.२६ युनिटचा साठा अवघ्या सहा मीटर चढाईत संपतो आणि तेवढ्याच उतारावर भरतो. म्हणजेच घाटाचा भार बॅटरीनेच वाहावयाचा असतो. तेथे गरज असते ती मोठ्या बॅटरीची व उत्तम शीतकरणाची.

निष्कर्ष :
संकरित साठवण सर्वच मार्गांवर सारखी लाभदायक नाही. वारंवार थांबणाऱ्या शहरी व ग्रामीण फेऱ्यांत ती बॅटरीचे रक्षण करते. यवतमाळ–नागपूरसारख्या लांब पल्ल्याच्या, कमी थांब्यांच्या प्रवासात मात्र तिचे वजन व खर्च वाजवीपेक्षा अधिक ठरू शकतात. म्हणून रचना निश्चित करण्यापूर्वी प्रत्येक मार्गाचे थांबे, चढ, वेग व तापमान यांची नोंद होणे आवश्यक आहे. अशा नोंदी घेण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र, भूगोल व अभियांत्रिकी विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे. अन्य प्रदेशातील आकडे जसेच्या तसे स्वीकारल्यास त्याची किंमत अखेरीस अकाली निकामी झालेल्या बॅटरीच्या रूपाने मोजावी लागेल.