चांगली माणसं खेळात कंटाळवाणी का वाटतात?



'चला, आज गोष्ट खेळूया' म्हटलं की राक्षस व्हायला मुलांचे हात भराभर वर येतात. सज्जन व्हायला मात्र कुणी फारसं उत्सुक नसतं. दोष मुलांचा नाही. आपण सज्जनांना करायला काही ठेवतच नाही!

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चार-पाच जणांनी मिळून गोष्ट रचायची, एकाने सूत्रधार व्हायचं, हा झाला भूमिका-खेळ. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि हा प्रकार जगभर पोचला. अशा खेळांत काल्पनिक जमाती असतात आणि कधीकधी अख्ख्या जमातीवरच 'चांगली' किंवा 'वाईट' असा शिक्का असतो. चांगल्यांनी काय करायचं ते आधीच ठरलेलं, मग खेळायचं काय?

वानरांकडे पाहा

बारामतीत राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रामकथा पुन्हा पुन्हा रचली. त्यांच्या नावावर १०८ रामायणं सांगतात. शेवट सगळ्यांना ठाऊक असलेली ही कथा दर वेळी ऐकावीशी का वाटते? त्यातले वानर बघा. ते रामाच्या बाजूचे, म्हणजे चांगलेच. पण राज्य मिळाल्यावर सुग्रीव दिलेला शब्द विसरतो आणि लक्ष्मण संतापून दारात येतो. सीतेच्या शोधाची मुदत संपते, तेव्हा अंगद घाबरतो, परत जायला तयार होत नाही, अन्नपाणी सोडून बसतो. हनुमंतालाही त्याच्या शक्तीची आठवण जांबवंतानं करून द्यावी लागते.

यातून तीन गोष्टी घेता येतील:

१. चांगल्या लोकांनाही भीती, विसर आणि मोह असू द्या.
२. त्यांच्यात आपसात मतभेद असू द्या.
३. चांगलं वागण्याची किंमत त्यांना मोजावी लागू द्या.

करून पाहा: उगमकर आणि टोककर

नीरा डावा कालवा बारामतीकडून इंदापूरकडे जातो. टेलला पाणी पोचणार का, ही काळजी इकडच्या मुलांनी घरात ऐकलेली असते. तीच खेळात आणा, पण गावांची खरी नावं नकोत.

कालव्याच्या वरच्या अंगाला उगमकर राहतात. आश्रयाला आलेल्याला पाणी द्यायचंच, हे त्यांचं व्रत. यंदा मेंढपाळांचे वाडे त्यांच्याकडे उतरलेत. शेवटी टोककर राहतात. आपली पाळी नसताना दार उघडायचं नाही, हे त्यांचं व्रत. त्यांची पिकं चार दिवसांत वाळतील. आवर्तन मात्र तोकडं आहे.

वर्गाचे दोन गट करा. प्रत्येक गटात एक म्हातारं, एक तापट आणि एक घाबरट पात्र हवंच. फासा फक्त 'पाणी किती आलं' हे सांगायला टाका. 'बरोबर काय' हे फाशावर सोडू नका, ते मुलांनी बोलून ठरवायचं. कुणी रात्री गुपचूप दार उघडायचं म्हणालं, तर अडवू नका. त्याच्याच गटातल्या म्हाताऱ्याला विचारा, 'आता तुम्ही काय करणार?' वाद तिथेच रंगतो, कारण दोन्हीकडचे लोक चांगले आहेत आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे.

हे एवढं महत्त्वाचं का?

'त्या वस्तीतली पोरं तसलीच' हे वाक्य मुलांच्या कानावर पडत असतंच. खेळातही जमातीवरून चांगलं-वाईट ठरलं, तर आपण तेच पक्कं करतो. 'आमचे लोक चांगलेच' हाही शिक्काच. चांगुलपणा जन्मानं मिळत नाही, तो दर वेळी निवडावा लागतो, हे मुलांना सांगून पटत नाही, खेळून पटतं.

म्हणून खेळ संपल्यावर 'कोण चांगलं होतं?' असं विचारू नका. विचारा, 'चांगलं वागण्यासाठी कुणाला काय सोडावं लागलं?' मग थोडा वेळ गप्प बसा आणि मुलांना बोलू द्या.