दिवे लागतायत ना, मग?

सकाळी ७.३० : पिशवी भरण्याआधी पकडीची मूठ बघतो. आवरण कुठं चिरलंय का, स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावरची नळी सरकलीय का. मूठ चिरलेली पक्कडही वायर तितकीच छान कापते, म्हणून चीर लवकर लक्षात येत नाही. इन्सुलेशनचं सगळीकडे असंच. ते गेलं तरी काम अडत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो. अडतं ते माणसाचा हात लागल्यावर. वाईत पावसाळा लागला की माझा फोन वाजत राहतो तो यापायीच.

८.४५ : गणपती आळीत वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. वहिनी म्हणाल्या, "दादा, मशीनच गेलंय का हो?" मशीन ठणठणीत होतं. सॉकेट खोललं तर वरच्या मोठ्या भोकामागं वायरच नाही! घर बांधताना कुणीतरी अर्थिंगच्या वायरीचे पैसे वाचवले. प्लगची ती पिन जाड आणि लांब ठेवलेली असते, ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. पत्र्यावर उतरलेला करंट तिच्या वाटेनं निघून जायचा. ती वाट नसली की ओल्या फरशीवर उभा असलेला माणूसच वायर होतो. बोर्डापासून हिरवी वायर ओढली, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. मुंग्या थांबल्या. कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी द्यायचं असतं, हे निम्म्या वाईला ठाऊक नाही.

११.०० : नदीकाठचा वाडा. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग, रबरावर सुती वेष्टण. मेन बंद केला, बल्ब काढले, टीव्ही-फ्रीजचे प्लग उपसले आणि मेगर लावला. हे यंत्र वायरीवर ५०० व्होल्ट टाकून आवरणातून किती गळतंय ते दाखवतं. घरच्या वायरिंगला १ मेगाओहमच्या वर आकडा हवा. इथं काटा शून्याला चिकटलेला. माळ्याजवळची वायर जरा वाकवली तर रबराचा भुगा तळहातावर पडला आणि आतलं तांबं उघडं झालं, लखलखीत. रबर उष्णतेनं, हवेनं वाळतं. पीव्हीसीही कायमची नाही, तारेचा ताप ७० अंशांवर जात राहिला की ती कडक होऊन तडकते. बारीक वायरीवर गिझर चालवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

"अरे, पण दिवे लागतायत ना, मग?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, दिवे लागायला तांबं पुरतं. आवरण तुमच्यासाठी असतं."

नवीन वायरिंगचा अंदाज लिहून दिला. ते करतील असं वाटत नाही.

१.३० : डबा. हात पूर्ण कोरडे केल्याशिवाय पुढच्या कामाला जात नाही.

३.०० : पसरणीच्या बाजूचं शेतघर. कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याच्या शेडपासून ओसरीच्या खांबापर्यंत ताणलेली, आणि शेडवरून आलेली मोटारीची वायर वाऱ्यानं पत्र्याच्या कडेवर घासून सोललेली. परवा सूनबाईंना झटका बसला. ओला टॉवेल टाकताना हाताची पाठ लागली म्हणून हात झटकला गेला. मुठीत तार असती तर बोटं आवळली असती. १०-१५ मिलीअँपिअरलाच मूठ सुटेनाशी होते. ५० ते १०० मिलीअँपिअर छातीतून गेला की हृदयाचा ताल बिघडू शकतो. अंग ओलं असलं की शरीराचा विरोध हजार ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे २३० व्होल्टला करंट २३० मिलीअँपिअर. मामा म्हणाले, "पण एमसीबी आहे की!" एमसीबी १६ अँपिअरचा. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणूस चिकटला तरी त्याला पत्ता लागत नाही.

मग पाखरं तारेवर बसतात ती कशी, असं तिथल्या पोरानं विचारलं. बरा प्रश्न. करंटला ट्रान्सफॉर्मरकडे परतायचं असतं, आणि तिथला न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. आपले पाय जमिनीवर, म्हणून वाट पुरी होते. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर.

लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधली. मोटारीला नवी वायर, पाइपातून.

६.३० : बाजारात परत, दुकानातून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी घेतला; आमच्याकडे सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का, एवढंच तो मोजत बसतो. फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलंत तर मात्र त्याला काही कळणार नाही. शेतघरी उद्या बसवायचाय.

तुमच्या बोर्डात तो असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण आहे. महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.