चिंचिलाचा आहार व त्यांतील पालट

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगास अँडीज पर्वताची जी प्रचंड रांग गेली आहे, तिच्या चिली देशांतील कोरड्या, खडकाळ उतारांवर चिंचिला नांवाचा एक लहान कुरतडणारा प्राणी राहतो. सशाहून लहान, उंदराहून पुष्कळ मोठा. कान गोल, शेपटी झुपकेदार, आणि अंगावरील केस इतके दाट कीं एकेका छिद्रांतून पन्नासांहून अधिक केस उगवतात. पेरूच्या किनाऱ्यावरील चिंचा नांवाच्या प्राचीन लोकांवरून त्याचें नांव पडलें असें मानितात. मराठी कानांस त्या नांवानें चिंचेची आठवण होणें साहजिक आहे. पण तो निव्वळ ध्वनीचा योगायोग होय, आणि चिंचेसारखा आंबटगोड पदार्थ ह्या प्राण्याच्या तोंडीं लागूं न देणेंच बरें.

त्या दाट केसांनींच त्याचा घात केला. श्रीमंतांच्या अंगरख्यांसाठीं त्याची इतकी शिकार झाली कीं, १९१० सालीं चिली, पेरू, बोलिव्हिया व आर्जेंटिना ह्या देशांना ती थांबविण्यासाठीं करार करावा लागला. पुढें १९२३ सालीं मथायस चॅपमन नांवाच्या अमेरिकन खाण-इंजिनियरानें चिली सरकारच्या परवानगीनें डझनाच्या आंतबाहेर जिवंत प्राणी कॅलिफोर्नियांत नेले. थंड डोंगरावरून त्यानें त्यांना एकदम बंदरावर आणलें नाहीं. टप्प्याटप्प्यानें खालीं उतरवीत, प्रत्येक ठिकाणच्या हवेची संवय करवीत आणलें. आज घरोघर पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांपैकीं फार मोठा भाग त्या मूठभर प्राण्यांचा वंश आहे. रानांतल्या चिंचिलावरील संकट मात्र अद्याप टळलेलें नाहीं. चिलींत इल्यापेल गांवाजवळ त्याच्यासाठीं १९८३ सालीं एक राखीव क्षेत्र स्थापन झालें आहे.

पाळीव चिंचिला नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षें, क्वचित् वीस वर्षेंहि जगतो. परंतु त्याला उष्मा सोसत नाहीं. पारा २५ अंश सेंटिग्रेडच्या वर चढला कीं त्याचा जीव कासावीस होऊं लागतो. म्हणून मुंबईच्या दमट हवेंत किंवा नागपुरच्या उन्हाळ्यांत, यंत्रानें सतत थंड राखलेली खोली नसेल तर, हा प्राणी पाळण्याचा विचारच करूं नये. इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनीं मात्र असा प्राणी घरीं आणण्याचा हट्ट धरावा, हें अगदीं संभवनीय आहे. आणि मग पहिला प्रश्न उभा राहतो तो त्याच्या खाण्याचा.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. अँडीजच्या उतारांवर चिंचिलाला मिळतें काय? तर रुक्ष गवत, झुडपांचीं पानें, सालीं, कधीं निवडुंगाचा मगज. हें अन्न निकृष्ट, तंतुमय आणि पिष्ट व साखर ह्यांनीं अत्यंत दरिद्री असतें. अशा अन्नांतून सत्त्व काढण्यासाठीं निसर्गानें त्याला लांबलचक आंतडें आणि मोठें उंडुक दिलें आहे. उंडुकांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. ते गवतांतील तंतु आंबवितात आणि त्यांतून प्राण्याचें पोषण होतें. तेथें तयार झालेल्या मऊ लेंड्या चिंचिला पुन्हां खातो. हा प्रकार किळसवाणा वाटला तरी त्यास रोग समजूं नये. पहिल्या फेरींत सुटलेलें प्रथिन व जीवनसत्त्वें त्याच्या पदरांत पडतात तीं ह्याच मार्गानें.

दांतांचें तर आणखीच निराळें आहे. चिंचिलाचे वीसहि दांत, म्हणजे पुढचे चार व मागच्या सोळा दाढा, जन्मभर वाढतच असतात. पुढचे दांत वर्षाला सुमारें पांच ते सात सेंटिमीटर वाढतात. ही वाढ झिजवील असें खाद्य सतत चघळावयास मिळालें नाहीं, तर दाढा वेड्यावांकड्या वाढून जिभेला व गालाला टोंचूं लागतात. इतकेंच नव्हे, तर त्यांचीं मुळें उलट दिशेनें जबड्यांत आणि डोळ्यांच्या खोबणीकडे घुसतात. एकदां हें दुखणें जडलें कीं तें पुरतें बरें होणें कठीण. आणि चिंचिला हा शिकारी प्राण्यांचें भक्ष्य होणाऱ्या जातींतला असल्यामुळें आपलें दुखणें लपवून ठेवतो. मालकाला पत्ता लागेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. पुढचे दांत पिवळे-नारिंगी दिसले तर मात्र घाबरूं नये. तो त्यांचा निरोगी रंग आहे.

आतां बाजारांत मिळणाऱ्या पेलेटकडे वळूं. वाळलेलें गवत, धान्याचा कोंडा, क्षार व जीवनसत्त्वें हीं सर्व दळून, वाफ देऊन, भोंकें पाडलेल्या पोलादी साच्यांतून दाबून काढलेली कांडी म्हणजे पेलेट. आपल्याकडे गुरांना देतात ती गोळी-पेंड ह्याच कुळांतली. चिंचिला आपलें खाणें पुढच्या दोन पायांत धरून, बसून खातो. म्हणून त्याच्यासाठीं केलेली कांडी जरा लांब ठेवितात. कांडीचा मोठा गुण असा कीं, प्रत्येक घांसांत सर्व घटक एकाच प्रमाणांत येतात आणि प्राण्याला निवडानिवड करतां येत नाहीं. तिची मोठी उणीव अशी कीं, तिच्यांतील गवत दळलेलें असतें. कांडी दाढांखालीं वरून खालीं चिरडली जाते आणि लगेच संपते; लांब गवत मात्र जबडा आडवा फिरवीत, रगडून रगडून खावें लागतें. दांत झिजतात ते ह्या रगडण्यानें. तेव्हां कांडी कितीहि उत्तम असली तरी ती गवताची जागा घेऊं शकत नाहीं. टिमोथी किंवा तत्सम वाळकें गवत पिंजऱ्यांत दिवसरात्र, हवें तितकें असावें. कांडी रोज एक ते दोन टेबल-चमचे एवढीच, आणि तीहि शक्यतो संध्याकाळीं, कारण हा प्राणी रात्रीं जागणारा आहे.

दुकानांत गेल्यावर पिशवीच्या पुढल्या बाजूचें चित्र पाहूं नये. पाठीमागची बारीक अक्षरांतली यादी वाचावी. घटकांचीं नांवें वजनाच्या उतरत्या क्रमानें दिलेलीं असतात. यादीच्या आरंभीं टिमोथी किंवा दुसरें एखादें गवत असेल तर तें खाद्य विचारांत घेण्याजोगें. मका, गहूं किंवा काकवी वर दिसली तर पिशवी जागच्या जागीं ठेवून द्यावी. प्रथिन शेंकडा १६ ते २० आणि स्निग्धांश शेंकडा २ ते ५ असावा. तंतूंचा भाग निदान शेंकडा १५, पण जितका अधिक तितका चांगला. २० च्या पुढें गेलेलें खाद्य अधिक पसंत करावें. मात्र हा तंतूंचा आंकडा रसायनशाळेंतला आहे. तो तंतु किती लांब आहे हें सांगत नाहीं. भरपूर तंतु असलेली कांडीहि पिठासारखी बारीक दळलेली असूं शकते.

लसूणघासाविषयीं दोन शब्द स्वतंत्रपणें सांगितले पाहिजेत. आपले शेतकरी दुभत्या जनावरांना जो घास मोठ्या आवडीनें घालतात, त्याच्यापासूनच कित्येक पेलेट बनविलेल्या असतात. त्यांत प्रथिन व कॅल्शियम दोन्ही विपुल. वाढत्या पिलांना, गाभण व पाजणाऱ्या मादीला तो उपयोगी आहे. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याला मात्र गवत आणि कांडी दोन्हींतून घासच मिळत राहिला तर कॅल्शियमचा अतिरेक होतो, आणि विशेषतः नरांत मूत्रमार्गांत खडे होण्याची भीति असते. एक गवताचें व एक घासाचें, अशी सांगड चालण्याजोगी आहे. दोन्ही घासाचीं नकोत.

ज्या पिशवींत कांड्यांबरोबर सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, मक्याचे दाणे, बेदाणे आणि रंगीत तुकडे मिसळलेले दिसतात, ती घेऊंच नये. असलें खाद्य प्राण्यासाठीं नसून पिशवी विकत घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठीं असतें. चिंचिला त्यांतलें गोड व तेलकट तेवढें वेंचून खातो आणि कांड्या बाजूस टाकतो. म्हणजे यादींतील आंकडे कागदावरच राहतात. साखर-पिष्टानें उंडुकांतील जंतूंचा तोल जातो, स्निग्धांशानें यकृत बिघडतें. निरस, एकरंगी, हिरवट-तपकिरी कांडी पाहून मुलांचीं तोंडें उतरतील. पण चांगलें खाद्य बहुधा तसेंच दिसतें.

गिनीपिगच्या खाद्यावर भागवावें काय, असें पुष्कळजण विचारतात. गिनीपिगला क जीवनसत्त्व अन्नांतूनच मिळावें लागतें, म्हणून त्याच्या खाद्यांत तें मुद्दाम घातलेलें असतें. चिंचिलाला त्याची तशी गरज नाहीं. सशाचें साधें, गवतप्रधान, बी-दाणे नसलेलें खाद्य अडचणीच्या वेळीं चालतें. कोंबड्यांचें किंवा गुरांचें खाद्य मात्र देऊं नये. त्यांत कधीं कधीं त्या त्या जनावरांसाठीं औषधें मिसळलेलीं असतात. आणि कोणतेंहि खाद्य ताजें हवें. जीवनसत्त्वें दिवसेंदिवस क्षीण होत जातात, तेव्हां पिशवीवरील तारीख पाहून दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेंच घ्यावें, घट्ट झांकणाच्या डब्यांत, थंड व कोरड्या जागीं ठेवावें. कुबट वास आलेली किंवा बुरशी धरलेली कांडी चाळून-निवडून वापरण्याची काटकसर येथें उपयोगाची नाहीं. ती टाकूनच द्यावी.

चांगलें खाद्य मिळालें म्हणजे काम संपलें असें नाहीं. खरा धोका पुढेंच आहे. वाईट खाद्यावर वाढलेल्या प्राण्याला उत्तम खाद्य एका दिवसांत दिलें, तरी तो आजारी पडूं शकतो. कारण उंडुकांतील जंतु हे पूर्वीच्या अन्नावर पोसलेले असतात. अन्न अकस्मात् बदललें कीं त्यांच्यांतील उपकारक जाती मागें पडतात, अपायकारक जाती माजतात, आणि पोटांत वायु धरतो. चिंचिलाला ओकारी करतां येत नाहीं. फुगलेलें पोट हलकें करण्याचा तो मार्ग त्याला बंद आहे. हे जंतु किती नाजूक असतात ह्याची साक्ष औषधेंहि देतात. पेनिसिलिनसारखीं माणसाला तारणारीं औषधें तोंडावाटें दिलीं तर तीं हे उपकारक जंतु मारून चिंचिलाचा प्राणहि घेऊं शकतात. म्हणून घरांतलें कोणतेंहि औषध त्याला आपल्या मनानें देऊं नये.

पालट करावयाचा तो दोन ते तीन आठवड्यांत, हळूहळू. रोजचें एकूण प्रमाण तेंच ठेवून पहिले चार-पांच दिवस तीन भाग जुनें व एक भाग नवें द्यावें; पुढें निम्मेंनिम्म; मग एक भाग जुनें व तीन भाग नवें; आणि शेवटीं केवळ नवें. हा हिशेब पंचांगाप्रमाणें पाळावयाचा नसून लेंड्या पाहून पाळावयाचा आहे. निरोगी लेंडी तपकिरी, भरदार, लांबट-गोल व कोरडी असते. ती मऊ पडली तर एक पायरी मागें यावें आणि तेथेंच कांहीं दिवस थांबावें. बारीक, वाळलेल्या, थोड्या लेंड्या हें मऊ लेंड्यांपेक्षांहि वाईट लक्षण होय, कारण त्याचा अर्थ प्राण्याचें खाणें कमी झालें आहे असा होतो. ह्याच काळांत स्वयंपाकघरांतल्या ग्रॅमच्या काट्यावर त्याचें वजन रोज एकाच वेळीं करून लिहून ठेवावें. पांचशें ग्रॅमच्या प्राण्याचें वजन पन्नास ग्रॅमनीं घटलें तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करूं नये. दाट केसांखालीं रोडावलेलें अंग डोळ्यांना दिसत नाहीं. तें काट्यालाच दिसतें.

पालटाची वेळहि पाहावी लागते. नवीन घर, नवा पिंजरा, नवा सोबती, प्रवास, आजारपण, बाळंतपण ह्यांपैकीं कांहीं चालू असतां खाद्याला हात लावूं नये. प्राणी विकत घेतांनाच विक्रेत्याकडून तो खात असलेल्या खाद्याची दोन-तीन आठवड्यांची बेगमी करून घ्यावी, मग तें खाद्य कितीहि हलकें असो. जुनें खाद्य कोठेंच मिळेनासें झालें तर प्राण्याच्या ओळखीचें वाळकें गवत मुबलक घालावें व नव्या कांड्या चार-पांच नगांपासून सुरू कराव्या. गवताची जात बदलतांनाहि दोन्ही गवतें मिसळूनच बदलावीं.

कित्येक चिंचिला नवी कांडी हुंगून फेंकून देतात. अशा वेळीं जुनी व नवी कांडी एकाच डब्यांत कांहीं दिवस ठेवली तर वास मिसळतो आणि काम सोपें होतें. उपाशी ठेवून खावयास लावण्याचा प्रकार मात्र कदापि करूं नये. उपासानें अंगांतील चरबी यकृतांत सांचते आणि तेंच दुखणें प्राण्याचा शेवट करतें. एका पिंजऱ्यांत दोघे असतील तर संध्याकाळीं कांड्या देतांना दोघांना थोडा वेळ वेगळे ठेवावें; नाहींतर एकजण दोघांचें खातो आणि रिकामें भांडें पाहून मालक निर्धास्त राहतो.

प्राणी बारा तासांत कांहीं खात नसेल, पोट ताणलेलें असेल, तो सारखा अंग ताणीत किंवा लोळत असेल, हनुवटी लाळेनें ओली असेल, तर सकाळची वाट न पाहतां अशा प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गांठावा. जो प्राणी गवत सोडून केवळ मऊ पदार्थांकडे वळतो, त्याच्या बाबतींत खाद्य बदलण्यापूर्वीं दाढा तपासून घ्याव्या, आणि त्या नुसत्या तोंडांत पाहून नव्हे, तर क्ष-किरणांनीं. कारण मुळांचें दुखणें वरून दिसत नाहीं, आणि दाढा दुखत असतां उत्तमांतली उत्तम कांडीहि भांड्यांत तशीच पडून राहते.