सेवेची वही

विद्यार्थ्यांची समाजसेवा म्हटली की झाडू-फावडी घेतलेली मुले डोळ्यांपुढे येतात. त्यामागील व्यवस्था फार थोड्यांना ठाऊक असते. गांधी-शताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव केंद्रीय शिक्षणमंत्री असताना ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपल्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातही ती चालते. महाविद्यालयातील शंभरेक स्वयंसेवकांचे पथक एक प्राध्यापक सांभाळतो. सर्व पथकांचा मेळ विद्यापीठाचा समन्वयक घालतो. प्रत्येकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी, असा नियम आहे.

खरी अडचण येथेच आहे. दोन वर्षांनी विद्यार्थी निघून जातात. वस्ती तेथेच राहते. साक्षरता-वर्गात नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली बाई अर्ध्या वाटेवरच राहते. म्हणून जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती कामाची वही सोपविणे, हेच समन्वयाचे मर्म होय, असे आम्हांस वाटते.

आपल्या ट्रस्टला हे सहज साधेल. हुबळी-धारवाडच्या मोहल्ल्यांतील गरजा व अपुरी कामे एका वहीत नोंदवून ती दरवर्षी नव्या पथकापुढे ठेवावी. विद्यार्थी बदलतील, वही मात्र तीच राहावी.